घरावरील सौर वीज आणि बॅटरी: दिवाळी ते भाद्रपद वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील धायरी येथील आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर गेल्या दिवाळीआधी सौर यंत्रणा बसवली. साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल, तीन किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि पाच युनिट साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असा हा संच आहे. वीजबिल कमी व्हावे हा हेतू होताच. परंतु बॅटरी घेण्याचे खरे कारण सासूबाईंचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र, हे होते. ते बंद पडणे आम्हाला परवडणारे नव्हते.

पुष्कळ घरांत अशी समजूत असते की, गच्चीवर पॅनल आले म्हणजे वीज गेली तरी घर चालू राहते. प्रत्यक्षात साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजजाळ्याला जोडलेला, इन्व्हर्टर महावितरणचा पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद होतो, कारण तसे न झाल्यास दुरुस्तीसाठी तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे गुरुवारच्या देखभालीसाठी भर उन्हात वीज गेली, तरी असे पॅनल निरुपयोगी ठरतात. हायब्रिड इन्व्हर्टर मात्र घर बाहेरच्या जाळ्यापासून तोडून निवडक जोडण्यांना वीज देत राहतो, आणि दिवसा पॅनल व बॅटरी दोन्ही त्याच्या मदतीला असतात.

या निवडक जोडण्यांचे वायरिंग स्वतंत्र करून घेणे हे माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. आमच्याकडे कॉन्सन्ट्रेटर, कमी वीज घेणारे तीन बीएलडीसी पंखे, काही दिवे आणि राउटर एवढेच त्यावर आहे. हा सारा भार साधारण पाचशे वॅटच्या आसपास राहतो आणि पूर्ण भरलेली बॅटरी तो सुमारे आठ तास ओढते. गीझर व पाण्याची मोटार जाणीवपूर्वक बाहेर ठेवली, कारण गीझर एकटाच दोन किलोवॅट घेतो आणि मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराने सगळे घर बॅटरीवर घेण्याचा आग्रह धरला होता. तो आम्ही मानला नाही, हे बरे झाले.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यासाठी पॅनल आणि त्यांतील सेल भारतात बनलेले असावे लागतात. बॅटरीला मात्र अनुदान नाही, तेव्हा तिचा खर्च वेगळा धरावा. बिलातील स्थिर आकारही चालूच राहतो.

उन्हाळ्यात दिवसाला तेरा-चौदा युनिट मिळाले. मे महिन्यापेक्षा मार्चमध्ये उत्पादन चांगले होते, कारण पॅनलची नोंदलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली असते आणि तापलेल्या गच्चीवर ती प्रत्येक अंशामागे थोडी घटत जाते. आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांत मात्र पाच युनिटही जेमतेम झाले.

यामुळेच बॅटरी रोज संध्याकाळी रिकामी करण्याची सेटिंग आम्ही ठेवली नाही. दिवसा जादा झालेले युनिट नेट मीटरमधून (जाळ्यात दिलेली व जाळ्यातून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरमधून) जमा होऊन रात्रीच्या वापरातून वजा होतात, तर बॅटरीत भरून परत काढताना त्यातले सुमारे दहा टक्के वाया जातात आणि बॅटरीचे आयुष्यही खर्ची पडते. नेट मीटर असताना पैसे वाचवण्यासाठी बॅटरी घेणे मला पटत नाही. रुग्ण, वृद्ध किंवा घरून चालणारे काम यांसाठी ती अवश्य घ्यावी. आर्थिक वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर कमी असल्याने पॅनलही गरजेपेक्षा फार जास्त लावू नयेत.

बॅटरी जिन्याखाली, उन्हापासून दूर आणि हवा खेळती राहील अशी बसवली आहे. आजूबाजूच्या बांधकामांमुळे धूळ फार साचते. पॅनल तापण्याआधी, सकाळी लवकर धुतलेले बरे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात, म्हणून नळाचेच पाणी वापरावे.