महात्मा फुले जनआरोग्य योजना: मामांच्या अँजिओप्लास्टीनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रेशनकार्डावर यादीतले उपचार मोफत करून देणारी ही राज्य सरकारची योजना चांगली आहे, खरंच चांगली आहे, पण तुम्हाला ती मिळू नये अशी इच्छा असणारे लोक बऱ्याचदा हॉस्पिटलच्या काउंटरवरच बसलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझे मामा साठीच्या पुढचे, सातारा जिल्ह्यात शेती, केशरी रेशनकार्ड. छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफीत (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) ब्लॉकेज निघालं आणि डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी उघडून आत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायची. पहिल्या हॉस्पिटलच्या (नाव घेत नाही) दारात योजनेचा मोठा बोर्ड होता. आत बिलिंगला विचारलं तर उत्तर आलं की योजनेचे बेड फुल आहेत, थांबावं लागेल, कॅशमध्ये करणार असाल तर लगेच ॲडमिट करतो. म्हणजे कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) तीच, डॉक्टर तेच, पेशंट तोच, फक्त पैसे भरले तर बेड आहे आणि योजनेतून मागितला तर नाही! वर "योजनेतला स्टेंट हलका असतो" हेही कानात घातलं. मामी तर तिथंच पतसंस्थेतून कर्ज काढायचं बोलायला लागल्या, आणि त्यांचं काय चुकलं, माणूस समोर झोपलाय म्हटल्यावर दुसरं काय सुचणार.

ही स्टेंटची भीती घालतात ना, त्याचा मला फार राग येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधाचा लेप असलेला जो स्टेंट आधी लाखाच्या वर जायचा तो कर सोडून २९,६०० रुपयांपर्यंत खाली आला. मामांना शेवटी योजनेतून लेपवालाच स्टेंट बसला, डॉक्टरांनी स्टिकर लावलेलं कार्ड हातात देऊन समजावून सांगितलं. तेव्हा "हलका, भारी" म्हणून कुणी घाबरवलं तर लगेच खिशात हात घालू नका.

आता काम कसं झालं ते. त्या पहिल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी पेशंटला मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल होतं पण माणूस जागेवर नव्हता. मग १५५३८८ या हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी जवळची योजनेतली हॉस्पिटलं सांगितली, डॉक्टरांनी हलवायला हरकत नाही म्हटल्यावर मामांना दुसरीकडं नेलं. तिथं जिन्याखाली छोटं टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक तरुण आरोग्यमित्र. हा माणूस हॉस्पिटलचा नसतो, योजनेनं नेमलेला असतो, हे लक्षात ठेवा, कारण बिलिंगवाल्यांचं उत्तर आणि याचं उत्तर यात जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो. त्यानं रेशनकार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नावावरून बोट फिरवत अक्षर न् अक्षर जुळवलं. मामांचं कार्ड जुनं, घड्या पडून चिरलेलं, त्यावर बारा अंकी ऑनलाइन नंबरच नव्हता. त्यानंच सांगितलं की गावातल्या रेशन दुकानदाराला फोन करा, त्याच्याकडं नंबर असतो. पाच मिनिटांचं काम होतं पण ते माहीत नसेल तर माणूस तहसीलला हेलपाटे घालत बसतो! रिपोर्ट अपलोड झाले, दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली, संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली. अगदी इमर्जन्सी असेल तर फोनवरून कळवून आधी उपचार सुरू करायची पण सोय आहे.

डिस्चार्जला भरायची रक्कम शून्य. ऑपरेशन, स्टेंट, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण सगळं पॅकेजमध्ये, जेवण साधंच पण गरम आणि वेळेवर. नर्स मंडळींनी कुठंही "हे योजनेतले" अशी वागणूक दिली नाही, हे मुद्दाम सांगते कारण मामांना सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती.

उणिवा पण आहेत. पहिली अँजिओग्राफी बाहेर केली होती, तिचे पैसे काही परत मिळाले नाहीत. डिस्चार्जनंतर दहा दिवसांचं औषधपाणी मिळतं, त्यापुढं रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या खिशातून, आणि त्या बंद करून चालत नाहीत. ओपीडी यात नाही. शुगर-बीपीची महिन्याची औषधं यात नाहीत, आणि गावाकडं माणूस कर्जात जातो तो नुसत्या ऑपरेशननं नाही, या दरमहाच्या खर्चानं पण जातो.

आता ज्यावरून आमच्या घरात सुद्धा वाद झाला तो मुद्दा. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव आलं, २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर झालं, आधी दीडच लाख होतं. विस्ताराच्या वेळी यादीत १,३५६ उपचार होते. मुख्य म्हणजे आता पांढरं रेशनकार्डवाले पण यात आहेत. माझा भाऊ म्हणतो श्रीमंतांना कशाला, गरिबांचे बेड जातील. मला हे पटत नाही. पांढरं कार्ड म्हणजे श्रीमंत असं समीकरण नाहीये, पुण्यात भाड्याच्या घरात राहणारा पगारदार पण पांढऱ्या कार्डाचाच असतो आणि त्याच्या आईवडिलांचा मेडिक्लेम वयामुळं परवडेनासा झालेला असतो. माझ्या आईच्या पॉलिसीचंच बघा, प्रीमियम दरवर्षी वर वर. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढला, ज्येष्ठांचा प्रीमियम विमा नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही हेही त्याच वर्षी जानेवारीत ठरलं होतं, त्यानं दिलासा आहे, पण मूळ आकडाच मोठा असेल तर दहा टक्के पण जड जातात. वर रूम रेंटची मर्यादा, ग्लोव्हज-सिरिंजचे वेगळे पैसे, काय काय. त्यापुढं योजनेचं पॅकेज फार सरळ वाटतं: यादीत उपचार असला की पैसे मागायचेच नाहीत. भावाची बेडची काळजी मात्र खोटी नाही, पण बेड अडवणारा पांढरं कार्डवाला नव्हता, आम्ही डोळ्यांनी बघितलंय कोण होतं ते.

हॉस्पिटलवाल्यांची पण बाजू आहे, ती लिहायलाच हवी. पॅकेजचे दर कमी आणि पैसे उशिरा येतात ही त्यांची तक्रार जुनी आहे, छोट्या गावातला पंधरा-वीस बेडचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला ते खरंच जड जातं. सरकारनं दर नीट ठरवावेत आणि पैसे वेळेवर द्यावेत. पण दर परवडत नसतील तर योजनेतून बाहेर पडा ना, दारात बोर्ड लावून आत पेशंटला घाबरवायचं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आणखी एक, विमा कितीही वाढवला तरी जवळ कॅथलॅबच नसेल तर त्या पाच लाखांचं करायचं काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, फार चांगलं झालं, पण तिथं स्पेशालिस्ट आणि मशिनरी नसेल तर पेशंट शेवटी प्रायव्हेटलाच जाणार. योजना हवीच, पण सिव्हिल हॉस्पिटलवरचा खर्च कमी करून नको.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दारातल्या अडवणुकीसाठी, आणि तो सगळ्या हॉस्पिटलांना लागू नाही. जायच्या आधी रेशनकार्डचा बारा अंकी नंबर आणि आधारवरचं नाव घरीच तपासून ठेवा, पोचल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला गाठा. बेड नाही म्हणाले तर ते लेटरहेडवर लिहून मागा आणि तिथंच उभं राहून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा.