आठ महिने भिंतीवर: अमेरिकेचा १८२०–६१ चा नकाशा आणि ती कोरी पट्टी

नकाशाचं माप, कागद, वर टाकायच्या चार पारदर्शक शीट (१८२०, १८५०, १८५४, १८६१) हे सगळं विक्रेत्याच्या पानावर आहेच. मी सरळ भांडणावर येतो.

१,८५० रुपये मोजले. एवढ्यात भारताचे चार नकाशे आले असते, हे घरून ऐकून झालंय. आमचं घर अकोल्याचं, दोन पिढ्या कापसाच्या आडतीत. "अमेरिकेत लढाई लागली तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला," हे आजोबांकडून लहानपणापासून ऐकलेलं. ती लढाई लागली कशावरून, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून घेतला.

पहिल्याच आठवड्यात १८५४ ची शीट टाकली आणि डोक्यात तिडीक गेली. गुलामी असलेल्या राज्यांना तपकिरी रंग, नसलेल्यांना हिरवा, 'तिथले रहिवासीच ठरवतील' अशा प्रदेशांना पिवळा. आणि टेक्सासचं डोकं नि कॅन्ससचा तळ यांच्या मध्ये बोटभर रुंदीची पट्टी चक्क कोरी! छपाईत रंग सुटला असणार म्हणून फोटो पाठवला. ग्राहकसेवेतल्या बाई म्हणाल्या, "सर, नकाशा असाच आहे." ओला कापूस घेऊन येणाऱ्यांकडून हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय. पाच मेल, दोन फोन झाले, शेवटी त्यांनी दुसरी प्रत पाठवली. तिच्यातही पट्टी कोरीच. तेव्हा मी दोन तारे दिले होते.

इथून पुढचं तीन महिन्यांनी वाढवतोय, कारण चूक माझीच निघाली.

१८२० च्या शीटवर एक लाल आडवी रेघ आहे, ३६ अंश ३० मिनिटांची. १८१९ ला गुलामीची राज्यं ११, बिनगुलामीची ११, म्हणजे सिनेटमध्ये (संसदेचं वरचं सभागृह, तिथे प्रत्येक राज्याला सारखीच मतं) बरोबरी. मिसुरी गुलामीसह आत यायला निघालं आणि काटा हलला. तोडगा असा की मिसुरी गुलामीच्या बाजूला, मेन हे नवं राज्य बिनगुलामीच्या बाजूला, आणि १८०३ ला फ्रान्सकडून घेतलेल्या बाकीच्या मुलखात या रेघेच्या वर गुलामी नाही. (मिसुरी स्वतः रेघेच्या वरच आहे. तेवढं चालवून घेतलं.)

पण दक्षिणेतल्या गुलामीच्या राज्यांना नवी जमीन हवी होतीच, आणि त्याचं कारण जिनिंगमध्ये काम केलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. तिथल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते. हाताने काढायला बसलं तर दिवस मोडतो आणि अर्धा किलो रुई धड होत नाही. १७९३ ला एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि तोच कापूस परवडायला लागला. वर्षानुवर्षं कापूस घेतला की जमीन थकते, मग पुढची जमीन बघा. मिसिसिपी १८१७ ला राज्य झालं, अलाबामा १८१९ ला. तिथले मूळ रहिवासी १८३० च्या कायद्याने हुसकले गेले. देशात १७९० ला सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० ला ३९ लाखांच्या वर. व्हर्जिनियाकडे थकलेली जमीन आणि जास्तीची माणसं, ती खाली दक्षिणेत विकली जायची. पश्चिमेला जमीन उघडली की तिथल्या रिचमंड शहराच्या बाजारात माणसाचा भाव चढणार. 'माणसाचा भाव' लिहिताना माझा हात अडखळतो, तिथल्या मळेवाल्यांच्या वह्यांत मात्र बैलांच्या खाली माणसांची नावं आणि पुढे रकमा असत.

आता माझी पट्टी. टेक्सास १८४५ ला गुलामीचं राज्य म्हणून आलं. मग मेक्सिकोशी युद्ध, आणि १८४८ ला कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख हातात. तिथे गुलामी न्यायची की नाही यावर पुन्हा खणाखणी. १८५० च्या तडजोडीत टेक्सासला १ कोटी डॉलर मिळाले, त्याने इतर दावे सोडले आणि उत्तरेची हद्द नेमकी लाल रेघेवर आणली. कारण रेघेच्या वर गुलामी ठेवता येणार नव्हती. गुलाम ठेवता येत नसतील तर ती जमीनही नको! १८५४ ला सिनेटर स्टीफन डग्लसने कॅन्सस आणि नेब्रास्का आखले. चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीची हद्द ३७ अंशांवर होती म्हणून कॅन्ससचा तळही तिथेच धरला. मधला अर्धा अंश, सुमारे ३४ मैल, कुणाच्याच खात्यात नाही. १८९० पर्यंत ती जमीन बेवारशी होती. आजच्या नकाशात ओक्लाहोमाला तव्यासारखी दांडी दिसते ना, तीच ही. छापणाऱ्याने कोरी ठेवली ते बरोबर होतं. बाईंना माफीचा मेल पाठवला, उत्तर आलं नाही.

डग्लसच्या त्याच कायद्याने लाल रेघ रद्द झाली, म्हणून १८५४ च्या शीटवर ती नाहीच. ३४ वर्षं धरून ठेवलेला बांध काढला आणि "तिथले रहिवासी मतदानाने ठरवतील" म्हटलं. मग दोन्हीकडून माणसं बंदुका घेऊन कॅन्ससला रहिवासी व्हायला धावली. मे १८५६ च्या एकाच आठवड्यात गुलामीविरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं, गुलामीविरोधी सिनेटर सम्नरला सभागृहातच छडीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं, आणि गुलामीविरोधी जॉन ब्राउनच्या टोळीने गुलामीच्या बाजूचे पाच जण कापले. १८५७ ला ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ती रेघ मुळात घटनाबाह्यच होती. डिसेंबर १८६० मध्ये, लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर, सिनेटर क्रिटेंडन तीच रेघ थेट पॅसिफिकपर्यंत ओढायला निघाला. लिंकन दक्षिणेतल्या जुन्या गुलामीला हात लावणार नव्हता, पण नव्या जमिनीवर ती जाऊ द्यायला तयार नव्हता. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना देशातून फुटलं, १२ एप्रिल १८६१ ला तिथल्याच सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या.

चार तारे. पाचवा कापला तो घडीसाठी: आडवी घडी बरोबर लाल रेघेवर पडते, सहाव्या महिन्यात तिथला रंग उडाला आणि कागद फाटला. मागून वीस रुपयांची चिकटपट्टी लावलीय. शीट अडकवायचे हूकही प्लास्टिकचे, दोन तुटले.

दुसरी प्रत न्यायला अजून कुणी आलेलं नाही. मी आठवण करणार नाही.