मेफ्लॉवरची वंशावळ म्हणून साडेआठशे डॉलर पाण्यात

नवरा माझा अमेरिकन, मॅसॅच्युसेट्सचा. त्यांच्या घरात पहिल्यापासून एकच पालुपद, आम्ही जॉन हाउलंडचे वंशज. हा १६२० साली इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत आलेला, वादळात समुद्रात पडला आणि लोंबणारा दोर हाताला लागला म्हणून वाचला, पुढे दहा मुलं झाली, त्यामुळे आज त्याचे वंशज म्हणवणारे ढिगाने आहेत. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला वंशावळ द्यावी म्हटलं. आपल्याकडे नाशिकला उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही सापडते ना, तसंच काहीतरी डोक्यात होतं.

ऑनलाइन वंशावळी बनवून देणारा एक गोडबोल्या भेटला. साडेआठशे डॉलर, सगळे आधी आणि तेही बँक ट्रान्सफरने, इथेच कळायला हवं होतं मला. तीन आठवड्यांत पिवळट जाड कागदावर झाड आलं, वर सिंहाचं कुलचिन्ह, खाली लाल लाखेचा शिक्का. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी.

मग त्यांना मेफ्लॉवर सोसायटीत, म्हणजे त्या जहाजातून आलेल्यांच्या वंशजांच्या संस्थेत, अर्ज करायचा होता, तिथे प्रत्येक पिढी कागदोपत्री जोडून दाखवावी लागते. म्हणून नीट वाचायला बसले आणि घामच फुटला. हाउलंडची बायको कोण, तर त्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर, त्याची मुलगी! अहो ती एलिझाबेथ टिली, कार्व्हरनंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड, त्याचं वसाहतीची हकिकत लिहिलेलं हस्तलिखित १८५५ला लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं तेव्हाच ती जुनी चूक निकालात निघाली. म्हणजे त्या गोडबोल्याने कुठल्यातरी जुनाट पुस्तकातून उतरवलेलं. वर कहर म्हणजे फेनस्टँटन गावच्या चर्चच्या रजिस्टरातली १५३१ची बाप्तिस्म्याची नोंद, आणि इंग्लंडात ही रजिस्टरं ठेवायचा हुकूमच निघाला १५३८ला! खरी मेख तर मधे होती, १७९०च्या आसपासच्या दोन पिढ्यांना पुरावा काय तर 'कौटुंबिक माहिती', म्हणजे मीच फोनवर सांगितलेलं. कुलचिन्हसुद्धा आडनावाला नसतं, एका माणसाला मिळतं आणि मग त्याच्या वारसांना.

मेलला उत्तर नाही, फोन बंद. धंदा तसा जुनाच, शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कात गुस्ताव्ह आंजू नावाचा इसम श्रीमंतांना अशाच बनावट वंशावळी विकायचा, त्या लोक अजून उतरवून घेतात.

कुणाला करायचंच असेल तर आपल्या जन्मदाखल्यापासून मागे मागे जा, हाउलंडसारख्यांच्या पहिल्या पिढ्या सोसायटीने छापल्यातच, पैसे द्यायचे ते फक्त मधल्या पिढ्यांचे आणि मूळ नोंदीची कॉपी हातात पडल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. कालच त्यांनी ते कुलचिन्ह छापलेले सहा मग मागवलेत.