बालसंरक्षण पर्यवेक्षकांचं प्रशिक्षण, सोलापूर: पैसे भरावेत की नाही?

आधी निकाल सांगते, मग कारणं. पाचपैकी साडेतीन. ज्यांच्या हाताखाली कार्यकर्ते आहेत आणि फायलीवर ज्यांची सही होते, त्यांनी जरूर जावं. नव्याने लागलेल्या पोरापोरींना पाठवू नका, त्यांना आधी बाल न्याय कायदाच नीट वाचून दाखवा.

सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये हे दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. घेणाऱ्या बाई आपल्याकडच्याच, पण बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात बालसंरक्षणात काम केलेल्या. विषय असा की तिथल्या मूळनिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांत काम करताना त्यांची रीत, नाती, इतिहास समजून टीम कशी चालवायची, आणि त्यातलं आपल्याकडे काय लागू पडतं. मेलबर्नचं औषध मोहोळला कसं लागू पडणार, अशी कुजबुज चहाच्या टेबलापाशी सुरूच होती.

पहिला तास फुकट गेला. बॉल फेका, नाव सांगा, आवडता रंग सांगा. पन्नाशीच्या बायका पदर खोचून बॉल झेलतायत! हे खेळ कुणीतरी कायद्याने बंद करा.

त्यानंतर मात्र बाईंनी इतिहास काढला आणि हॉल गप्प झाला. ऑस्ट्रेलियात साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारने आणि मिशनऱ्यांनी मूळनिवासी मुलं घरातून उचलून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली. १९९७च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजाने दहात एक ते तिनात एक इतकी ही मुलं होती. १३ फेब्रुवारी २००८ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. माफी मागून झाली, तरी आजही तिथे घराबाहेर ठेवलेल्या मुलांत या समाजाची मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी पट जास्त आहेत. हे प्रमाण २०३१पर्यंत ४५ टक्क्यांनी खाली आणायचं असं सरकारने ठरवलंय.

हे ऐकताना मला आपलं सेटलमेंटच दिसत होतं. सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही, पण ते नाव कुठून आलं हे हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. इंग्रजांच्या काळात पारधी, कैकाडी, टकारी, भामटा या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत डांबलं होतं, आणि त्या वसाहतीचं नाव सेटलमेंट. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११मध्ये नव्याने आला आणि मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. त्यात मुलांना आईबापापासून काढून औद्योगिक शाळेत नाहीतर सुधारशाळेत टाकण्याचा अधिकारही सरकारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. ही जोड बाईंनी स्वतः लावायला हवी होती. ती लावली बार्शीच्या एका सरांनी, तीही हात वर करून, परवानगी मागून.

माझे पैसे वसूल झाले ते दुपारच्या एका सरावात. प्रत्येक टेबलावर एक सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे कार्यकर्ती घरी जाऊन मुलाच्या परिस्थितीबद्दल लिहिते तो, ठेवला होता, नावगाव काढलेला. मजकूर आपल्या रोजच्या ओळखीचा: 'कुटुंब अस्थिर असून पालात राहते. आई मुलाकडे दुर्लक्ष करते. मूल शाळेत अनियमित. परिसर अस्वच्छ. बालगृहात दाखल करण्याची शिफारस.' हातात दोन पेनं. कार्यकर्तीने डोळ्यांनी पाहिलं ते निळ्याने अधोरेखित करायचं, तिने मनाने ठरवलं ते लालने. आमच्या टेबलावर निळ्याखाली आलं फक्त 'पालात राहते'. बाकी सगळं लाल. कार्यकर्ती गेली सकाळी अकराला, तेव्हा आई फुगे विकायला सिग्नलवर होती आणि पोर शेजारच्या पालात आजीजवळ जेवत होतं, असं मूळ टिपणात होतं. अहवालात उतरेपर्यंत आजी गळाली आणि 'दुर्लक्ष' शिल्लक राहिलं. शाळेचंही तसंच. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की पोर सोबत जातं, आणि हजेरीपटात ते अनियमित ठरतं.

मग बाईंनी अहवालात घालायचे प्रश्न दिले. आई बाहेर असताना मुलाला जेवायला कोण वाढतं? पडलं, खरचटलं तर ते रडत कोणाकडे धावतं? आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं? पर्यवेक्षकाचं काम काय, तर ही उत्तरं अहवालात नसतील तोवर सही करायची नाही, आणि ती आणायला कार्यकर्तीला दुसऱ्या भेटीचा वेळ आणि गाडीभाडं द्यायचं. हे दुसरं वाक्य मला फार पटलं. आपल्याकडे संवेदनशीलतेवर भाषण मिळतं, गाडीभाडं मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात मूल घरातून काढावंच लागलं तर त्याला कुठे ठेवायचं याचा क्रम ठरलेला आहे: आधी त्याचे नातेवाईक, मग त्याचा समाज, मग दुसरं मूळनिवासी कुटुंब, बाकीचे सगळ्यात शेवटी. निर्णयाच्या बैठकीत अधिकारी माहिती देतात आणि मग उठून बाहेर जातात. मुलाचं काय करायचं ते घरचे आतमध्ये ठरवतात. ती योजना मुलासाठी सुरक्षित नसेल तर परत बोलणी होतात. "साहेब बाहेर आणि घरचे आत?" असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. व्हिक्टोरियात तर २०१७पासून काही मुलांच्या केसची कायदेशीर जबाबदारीच मूळनिवासी संस्थेकडे दिली जाते. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलंय. पण मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि मुलाच्या समाजाचं माणूस त्यांच्यासमोर बसलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

इथे मी विचारलं, "मॅडम, समाजाला विचारायचं म्हणजे आमच्याकडे जातपंचायतीला विचारायचं का? आणि तेराव्या वर्षी लग्न ठरवलेल्या पोरीचं काय?" जातपंचायतींच्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा महाराष्ट्राला उगाच करावा लागला नाही. बाई म्हणाल्या, मुलाची सुरक्षितता आधी, आणि आपली माणसं, आपली बोली हाही त्या सुरक्षिततेचाच भाग. बरोबर आहे, पण उत्तर तोकडं पडलं. समाज म्हणजे पंच नव्हेत. आत्या, मावशी, आजी, वस्तीवरची आशाताई, शिकलेली मोठी बहीण, यांना कसं गाठायचं हे शिकवायला अर्धा दिवस द्यायला हवा होता. दिली वीस मिनिटं, तीही जेवणाच्या सुट्टीतून कापून.

तक्रारी अजून आहेत. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. फी तीन हजार, म्हणजे आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठीच्या सरकारी बालसंगोपन योजनेत एका लेकराला महिन्याला मिळणाऱ्या २२५० रुपयांपेक्षा जास्त. जेवणाला मात्र नाव ठेवणार नाही: कडक भाकरी, शेंगाचटणी, दुसऱ्या दिवशी शेंगापोळी.

मोठी तक्रार एकच. दोन दिवस ज्यांच्याबद्दल बोललो, त्यांच्यातलं कुणी स्टेजवर नव्हतं. पारधी समाजातला एक तरुण कार्यकर्ता आमच्यासारखाच फी भरून आला होता. त्याला माईक मिळाला तो शेवटच्या सत्रात, आणि तेही आम्ही ओरडलो म्हणून. तो म्हणाला, "वस्तीवर जीप आली की पोरं पळतात. पोलीस का बालसंरक्षण, ते नंतर कळतं. तुम्ही जीप रोडला ठेवा, चालत या, अन् सांजच्याला या, तवा बाया घरी असतात." माझ्या वहीत सगळ्यात जास्त उतरवलेलं पान त्याचं आहे.

माझ्या टीममधल्या दोघींना पुढच्या बॅचला पाठवायचा विचार आहे. आयोजकांना मेल टाकलाय: वस्तीतलं माणूस अर्धा दिवस शिकवणार असेल, त्याला मानधन मिळणार असेल आणि साहित्य मराठीत असेल, तर पैसे भरतो. मेल पोचल्याचं कळवलंय, बाकी उत्तर यायचंय.