पायाभूत कामांचा पैसा: गुजरातचा कायदा की केरळचा?
निबंधात कुणाची बाजू घ्यावी, असं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या भाचीने विचारलं. गुजरातचा पायाभूत विकास कायदा आणि केरळचा पायाभूत गुंतवणूक निधी कायदा, दोन्ही १९९९चे.

पैसा कुणाचा? गुजरातेत खासगी कंपनी बांधते आणि वापरणाऱ्यांकडून वसूल करते. केरळात ‘किफबी’ हे सरकारी पायाभूत गुंतवणूक निधी मंडळ कर्ज काढतं. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्याला मोटार वाहन कराचा वाटा आणि पेट्रोलवरचा उपकर मिळतो. म्हणजे गाडीवाला इथेही सुटत नाहीच!

जोखीम? गुजरातेत बरीचशी कंपनीवर. पण वर्दळ नसेल तिथे ती फिरकेल कशाला? केरळात सगळी सरकारवर. कर्जही स्वस्त नाही: २०१९चे मसाला बाँड (परदेशात विकलेले रुपयांतले कर्जरोखे) ९.७२३ टक्के व्याजाचे. हे अर्थसंकल्पाबाहेरचं कर्ज, हा ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, आक्षेप मला रास्त वाटतो.

बंदर, टोलरस्ता असेल तर गुजरातची पद्धत. शाळा-रुग्णालयांना केरळची, पण कर्ज अर्थसंकल्पात दाखवूनच.