इंटरनेट फोनची ‘दुरुस्ती’ आणि रात्रीत लागलेले परदेशी कॉल

जुना लँडलाइन नंबर तोच ठेवून आम्ही इंटरनेटवर चालणारा फोन घेतला. राउटरला एक छोटा अडॅप्टर आणि त्याला घरातला नेहमीचाच फोन. पण बाहेरून आलेला कॉल अर्धा मिनिट झाला की पटकन तुटायचा. कधी आमचं बोलणं पलीकडे जायचं, तिकडचं मात्र आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. संध्याकाळी तर आवाज इतका तुटक यायचा की समोरचा वैतागून फोन ठेवायचा.

कंपनीचा मदत क्रमांक नेटवर शोधला. सगळ्यात वर दिसलेला नंबर कंपनीचा नव्हता, ती कुणीतरी पैसे भरून लावलेली जाहिरात होती. हे नंतर कळलं. फोन उचलणारा माणूस अगदी अदबीनं बोलत होता. तक्रार ऐकल्या ऐकल्या म्हणाला, “मॅडम, तुमच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी घुसलंय. कॉल तोच तोडतोय.” मग माझ्या कॉम्प्युटरचा ताबा त्याच्याकडे देणारं अ‍ॅप टाकायला लावलं.

इथून पुढचं नीट वाचा, कारण त्यानं स्क्रीनवर दाखवलेलं काहीच बनावट नव्हतं. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यानं लाल गोळ्यांची आणि पिवळ्या त्रिकोणांची लांबलचक यादी दाखवली. “हे सगळे हल्ले, मोजा तुम्हीच.” कुठली तरी सेवा उशिरा सुरू झाली, कुठला ड्रायव्हर अडला, अशा किरकोळ नोंदी त्या यादीत साठतच असतात, अगदी धडधाकट कॉम्प्युटरवरही. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅट चालवलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू नेट-जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा. समोर आकड्यांच्या ओळी सरसर उमटल्या. त्या माझ्याच ब्राउझरनं उघडलेल्या जोडण्या होत्या. यादी खरी होती, खोटा होता तो त्याचा अर्थ.

या नाट्यानंतर त्यानं तीन वर्षांचं ‘सुरक्षा पॅकेज’ गळ्यात मारलं. पण खरा डल्ला त्या पॅकेजचा नव्हता. मध्येच सहज म्हणाला, “फोनची सेटिंग ताडून बघायची आहे, कंपनीची पहिली मेल उघडता का?” त्या मेलमध्ये सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि सिप पासवर्ड होता. सिप म्हणजे इंटरनेट फोन ज्या पद्धतीनं कॉल लावतो आणि जोडतो ती. इंटरनेट फोनच्या बाबतीत एवढं हातात आलं की जगात कुठूनही तुमच्या नावावर कॉल लावता येतात. तुमच्या राउटरला किंवा अडॅप्टरला हात लावायची गरजच उरत नाही.

पुढे एका रात्री आमच्या खात्यावरून परदेशातल्या महागड्या प्रीमियम नंबरांवर एकामागून एक कॉल लागले, काही तर एकाच वेळी. असे नंबर टोळीच्याच लोकांनी घेतलेले असतात आणि कॉलच्या दरातला हिस्सा त्यांच्याकडे जातो. पलीकडे कुणी बोलायचीही गरज नसते, लाइन चालू राहिली की झालं. आमच्या खात्यावर ऑटो-रिचार्ज चालू होता. शिल्लक संपली की कार्डावरून आपोआप भर पडत गेली. सकाळी मेसेजची रांग बघून कळलं.

मग कंपनीच्या बिलावरचा नंबर लावला. तिथल्या तंत्रज्ञाला मूळ बिघाड सांगितला, तेव्हा त्यानं पहिलाच प्रश्न केला, “कॉल बत्तीस सेकंदांच्या आसपास तुटतो का?” मोजून पाहिलं तर तसंच. आमची बाजू फोन उचलते, तेव्हा ‘उचलला’ असा निरोप सर्व्हरला जातो आणि त्याची पोच परत यावी लागते. ती आली नाही तर निरोप पुन्हा पुन्हा पाठवला जातो आणि ३२ सेकंदांनी नाद सोडून कॉल तोडला जातो. पोच अडत होती ती राउटरमधल्या सिप एएलजी नावाच्या सोयीमुळे. ही सोय फोनच्या निरोपांमधले पत्ते ‘मदत’ म्हणून बदलते आणि बहुतेकदा घोळच घालते. ती बंद केली, राउटर आणि अडॅप्टर पुन्हा चालू केले. कॉल तुटणंही थांबलं आणि एकतर्फी आवाजही.

संध्याकाळच्या तुटक आवाजाचं कारण वेगळंच होतं. घरातल्या मोबाइलांचे फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढायचे आणि अपलोड गच्च भरायचं. एका कॉलला नेहमीच्या जी.७११ कोडेकवर, म्हणजे आवाजाचं डेटात रूपांतर करण्याच्या पद्धतीवर, प्रत्येक दिशेला सेकंदाला जेमतेम ९० किलोबिट लागतात. म्हणजे मोठा प्लॅन घेऊन फार काही साधलं नसतं. राउटरमध्ये फोनला प्राधान्य दिलं आणि बॅकअप रात्री उशिरावर ढकलला.

पॅकेजचे पैसे बँकेनं परत मिळवून दिले, कारण तक्रार लगेच केली होती. कॉलचे मात्र गेले. कॉल बरोबर पासवर्ड वापरून लागले होते, त्यामुळे कंपनीच्या नियमानं ते आमचेच. मला हे अजून पटलेलं नाही, पण करारात तसं लिहिलेलं आहे. कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्यानं टाकलं, सगळे पासवर्ड बदलले, सिपचाही. राउटरचा पासवर्ड बदलून सिपचा बदलत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. परदेशी कॉल खात्यावरूनच बंद केले, रोजच्या खर्चाला मर्यादा घातली आणि ऑटो-रिचार्ज काढून टाकला. तुम्ही असा फोन घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा, आणि नंबर नव्या कंपनीकडे पूर्ण आल्याशिवाय जुनी लाइन बंद करू नका, नाहीतर नंबरच हातचा जातो.

काही आठवड्यांनी पुन्हा तसाच अदबशीर फोन आला. “मॅडम, आमची कंपनी बंद होतेय, पॅकेजचे पैसे परत द्यायचे आहेत, तेवढं बँकेचं पान उघडा आणि आपलं ते अ‍ॅप चालू करा.” ज्यांना एकदा लुबाडलं, त्यांची यादी या टोळ्या अशीच दुसऱ्यांदा वापरतात. मी फोन ठेवला. त्यानं लगेच दुसऱ्या नंबरवरून लावला.