10 इंची टेबल सॉ: बरेच महिने वापरल्यावर, मुख्यतः सेफ्टीबद्दल

घेऊन आता बरेच महिने झालेत, सुट्टीच्या दिवशी चालतंच, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. टेबल सॉ म्हणजे टेबलातून ब्लेड वर येणारी गोल इलेक्ट्रिक करवत. माझं मशीन साधं जॉबसाइट टाइपचं, म्हणजे उचलून नेता येणारं आहे, 10 इंची ब्लेड, घडीचा स्टँड. माझ्यासारख्या हौशी सुतारकाम करणाऱ्यांसाठी लिहितेय. मोटरची ताकद, फिनिश वगैरे सोडून देते, ते सगळीकडे वाचायला मिळतं. बोटं शाबूत ठेवून हे मशीन घरच्या घरी शिकता येतं का, एवढाच मुद्दा. येतं. पण खोक्यातून काढलं आणि प्लगला लावलं, असं करून नाही.

आधी हे ब्लेड काय करतं ते नीट समजून घ्या, कारण सगळे नियम त्यातूनच येतात. 4000 आरपीएमला 10 इंची ब्लेडचे दात ताशी साधारण 190 किलोमीटरने पळत असतात. तुमच्या बाजूचे दात वरून खाली येतात, लाकूड टेबलावर दाबतात, तिथे काही प्रॉब्लेम नाही. मागचे दात मात्र खालून वर येतात, आणि लाकूड जरा जरी तिरकं होऊन त्यांना टेकलं की ते उचलून सरळ तुमच्या अंगावर भिरकावतात. हाच किकबॅक. नवीन माणसाला भीती वाटते ती ब्लेडला बोट लागण्याची, पण किकबॅकमध्ये हाताखालचं लाकूड अचानक निघून जातं आणि हात ब्लेडकडे खेचला जाऊ शकतो, म्हणजे दोन्ही धोके एकदमच.

यावर सगळ्यात मोठा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ, ब्लेडच्या मागे ब्लेडबरोबरच वरखाली होणारी स्टीलची पट्टी. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कटच्या रुंदीपेक्षा पातळ असावी लागते, म्हणून पातळ कटचं ब्लेड घेताना पट्टीवर छापलेली जाडी बघूनच घ्या. पाइनची एक लांब फळी उभी चिरत होते, दिसायला एकदम सरळ फळी, पण आत ताण होता. अर्ध्यावर गेल्यावर कट मागून मिटायला लागला आणि दोन्ही बाजूंनी पट्टीला घट्ट आवळून बसला, फळी पुढे सरकेना. स्विच बंद केला, ब्लेड पूर्ण थांबू दिलं, मागून कटमध्ये छोटी लाकडी पाचर ठोकली आणि मग उरलेलं चिरलं. पट्टी नसती तर तो सगळा दाब ब्लेडवर आला असता. तेव्हापासून ही पट्टी काढून ठेवून मशीन चालवणारे व्हिडिओ मला बघवत नाहीत, खरंच.

आता तक्रार. फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरळ ढकलतो तो कठडा, कंपनीतून आला तोच वाकडा, मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकलेला, म्हणजे किकबॅकला आमंत्रणच. त्यामुळे पहिलं काम हे करा: प्लग काढा, ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून मायटर स्लॉटपासूनचं (टेबलावरची ब्लेडशेजारची लांब खाच) अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि परत मोजा. आधी ब्लेड स्लॉटला समांतर, मग फेन्स स्लॉटला समांतर. वेळ जातो, वैताग येतो, पण यापेक्षा महत्त्वाचं दुसरं काही नाही, आणि कटवर जळल्याचे काळे डाग पडायचेही बऱ्यापैकी थांबतात. बरोबर आलेली पुश स्टिक पण यथातथाच, प्लास्टिकची, लाकडाचं फक्त मागचं टोक ढकलते, वरून दाबत नाही. प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून बुटाच्या आकाराची एक बनवून घेतली, ती ढकलते पण आणि दाबते पण, ब्लेड लागलं तर प्लाय कापला जाईल, नवीन करायची.

बाकीचं पटकन. ब्लेड लाकडाच्या जरासं वर येईल एवढंच उचला. ब्लेडच्या रेषेत उभं राहू नका, थोडं बाजूला राहा. ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत, ब्लेडमध्ये अडकले तर हात आत ओढला जातो, सैल बाह्या आणि मोकळे केस यांचंही तेच. आडवा कट घेताना मायटर गेज (त्या स्लॉटमध्ये सरकणारा, लाकूड कोनात धरणारा आधार) आणि फेन्स एकत्र वापरू नका, तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये अडकतो आणि उडतो.

कान आणि फुफ्फुसं यांच्याबद्दल मात्र आपण फारच कमी बोलतो. अशा मशीनचा आवाज सहज 100 डेसिबलच्या आसपास जातो. नायॉश या कामाच्या जागेवरच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल 8 तास चालतं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. इअरमफ घाला. लाकडाच्या धुळीला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, 1995 मध्ये कॅन्सरकारक ठरवलंय, आणि या मशीनचा डस्ट पोर्ट व्हॅक्यूमला जोडला तरी ब्लेडच्या वरून बारीक भुसा उडतोच, त्यामुळे एन95 लावूनच काम करते आणि झाडून काढेपर्यंत तो उतरवत नाही.

ब्रेकवालं मशीन घ्यावं का? सॉस्टॉप कंपनीचं तंत्र ब्लेडला त्वचा लागताच 5 मिलिसेकंदांत ब्लेड थांबवतं, बजेट असेल तर जरूर घ्या. पण उडून येणारं लाकूड ते थांबवत नाही, त्यामुळे रायव्हिंग नाइफ आणि सरळ फेन्स तिथेही लागतातच. शिवाय ब्रेक एकदा पडला की त्याचं काडतूस (एकदाच वापरता येणारा ब्रेकचा भाग) नवीन घालावं लागतं, आणि ब्लेडही बहुतेक जातंच.

12 इंचापेक्षा आखूड तुकडे मी यावर चिरत नाही, ते गुण्याने रेघ मारून हातकरवतीने. मशीनला 5 पैकी 4, एक स्टार फेन्स आणि पुश स्टिकमुळे कमी केलाय.